रविवारच्या पुरवणीत अर्धं पान चित्रकथेला द्या

मा. संपादक साहेब यांस सप्रेम नमस्कार,

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो, टर्नर आहे, वय 47, आणि तुमचा पेपर आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून येतोय. पत्र लिहायची मात्र ही पहिलीच वेळ. झालं असं की माझी पोरगी सातवीत आहे, आणि तिच्या चित्रकलेच्या वहीत मागच्या आठवड्यात लाल पेनानं शेरा आला, 'मारामारीची चित्रे काढते, पालकांनी लक्ष द्यावे.' शाळेचं नाव मी घेत नाही, त्या बाईंवर माझा राग पण नाही, त्यांना जे वाटलं ते त्यांनी लिहिलं. पण वही उघडून चित्र बघितलं आणि मला रात्रभर झोप आली नाही, म्हणून हे लिहितोय.

चित्र काय होतं ते सांगतो. पानाचे तिनं सहा चौकोन पाडलेले. पहिल्या चौकोनात दोन पैलवान समोरासमोर, वाकून, हातात हात, खडाखडी चाललीय. दुसऱ्यात नुसता एक हात दुसऱ्याच्या मनगटावर, जवळनं. तिसऱ्यात तो हात बगलेत आवळलेला. चौथ्यात कंबर आत. पाचव्यात वरचा गडी हवेत, पाय आभाळाकडं, आणि सहाव्यात माणूस कुठंच नाही, नुसती तांबडी माती उडालेली आणि कोपऱ्यात हलगीवाल्याचे दोन हात. बारा वर्षांच्या पोरीनं पडलेला माणूस दाखवायचं टाळून नुसती माती दाखवली! हे तिला कुणी शिकवलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी गंगावेस तालमीत होते. शेऱ्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. चष्मा लावला, वही उजेडात धरली, आणि चौथ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "बाळ, ढाक मारतोय न्हवं हा? मग पाय बाहेर कसा? पाय त्याच्या पायाच्या आडवा आत पाहिजे, न्हाईतर कंबर जाणार न्हाई आणि तूच खाली पडशील." मग 74 वर्षांचा माणूस उठला, पोरीला उभी केली, तिचा हात बगलेत घेतला आणि सोप्यातच पाय कुठं टाकायचा ते दाखवलं. पोरीनं खोडरबर आणला आणि पाय आत घेतला. चित्र एकदम जिवंत झालं साहेब. तेव्हा मला पहिल्यांदा स्पष्ट कळलं की मी आयुष्यभर ज्या तीन गोष्टींच्या मागं पळालो, कॉमिक्स, फायटिंगचे सिनेमे आणि कुस्ती-एमएमए (एमएमए म्हणजे कुस्ती, ठोसे, लाथा सगळं चालतं ती झुंज), त्या तीन नाहीतच, एकच आहे. तिघांत एकच प्रश्न असतो, आता पुढच्या क्षणाला हा काय करणार.

माझ्या लहानपणी लक्ष्मीपुरीत एका रद्दीच्या दुकानात इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे यायचे. इंद्रजाल 1964 ला सुरू झालं आणि 1990 ला बंद पडलं, म्हणजे मी वाचायला लागलो तेव्हा ते शेवटाकडं आलं होतं, पण जुने अंक मराठीत मिळायचे, वेताळ म्हणजे फँटम, मँड्रेक आणि आपला बहादूर. चांदोबा तर घरात होताच, विक्रम-वेताळाचं ते चित्र, राजाच्या खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, आजही डोळे मिटले की दिसतं. पुढं हिंदी कॉमिक्स भाड्यानं मिळायला लागली आणि त्यात नागराज आला, 1986 चा. बऱ्याच वर्षांनी मला कळलं की नागराजची ती चित्रं काढणारे प्रताप मुळीक आपले मराठी, अमर चित्रकथेतपण त्यांनी ढिगानं काम केलंय. तसेच राम वाईरकर. मराठी माणसानं काढलेली चित्रं अख्ख्या हिंदी पट्ट्यानं वाचली आणि आपल्याला त्यांची नावंपण माहीत नाहीत, याचं मला लई वाईट वाटतं.

मुळीकांच्या चित्रात एक गोष्ट बघा, अंगाची ताकद कुठनं येतीय ते दिसतं. ठोसा मारणाऱ्याची मागची टाच उचललेली असते. साधी गोष्ट आहे पण बऱ्याच जणांना जमत नाही, ते नुसते दंड फुगवतात. मी स्वतः मशीनवर उभा राहणारा माणूस, जोर पायातनं येतो हे मला रोज कळतं, म्हणून असेल, ती टाच मला शाळेत असतानापण दिसली होती.

आता सिनेमा. आपल्या गावाला हे कुणी सांगायची गरज नाही पण तरी सांगतो, कारण नवीन पोरांना माहीत नाही. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा परदेशातनं मागवला नाही, तो इथं कोल्हापुरात बनवला. या कामातले त्यांचे जोडीदार भाऊ आनंदराव पेंटर 1916 ला वारले, तरी बाबूराव थांबले नाहीत, साथीदार दामल्यांना हाताशी धरून 1918 च्या सुमाराला कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवलाला पैसे दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. मी लेथवर काम करतो म्हणून मला या गोष्टीचं जरा जास्तच कौतुक आहे. फिल्म पुढं सरकवायची यंत्रणा म्हणजे काय खेळ न्हवे, एक दाता चुकला तर चित्र थरथरतं, आणि या माणसांनी ते त्या काळात, हाताशी असलेल्या हत्यारांवर केलं.

आणि त्या कॅमेऱ्यावर पहिला सिनेमा कुठला काढला? सैरंध्री, 1920. त्यात भीमानं कीचकाला मारलं ते इतकं खरं वाटलं की बघणाऱ्यांना सहन झालं नाही आणि तो भाग पुढं कापावा लागला. त्याच सिनेमावर खूश होऊन टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी म्हटलं. म्हणजे साहेब, कोल्हापूरच्या सिनेमाची सुरुवातच दोन तगड्या माणसांच्या झुंजीनं झाली. पुढं प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथंच सुरू झाली, 1933 ला पुण्याला गेली, शालिनी, जयप्रभा हे स्टुडिओ झाले, हे सगळं आपण अभिमानानं सांगतो, पण ती पहिली झुंज विसरतो आणि फायटिंगचा सिनेमा म्हटलं की नाकं मुरडतो.

आम्ही पोरं व्हिडिओ पार्लरमध्ये बसून हाँगकाँगचे सिनेमे बघायचो, भाषा एक कळायची नाही, पण सगळं कळायचं. एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात बसलीय. तिकडच्या चांगल्या फायटीत कॅमेरा लांब असतो, दोन्ही माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, आणि तुकडा पटकन कापत नाहीत. आत्ताच्या आपल्या सिनेमात ठोसा सुरू होतो एका तुकड्यात, लागतो दुसऱ्यात, पडतो तिसऱ्यात, मग कुणी मारलं आणि कसं मारलं ते कळतच नाही, नुसता आवाज येतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात बसलेल्या माणसाला हे चालायचं नाही. खासबाग बांधलंयच असं की कुठंही बसा, माती दिसते, पुढच्याचं डोकं मधे येत नाही. शाहू महाराज 1902 ला युरोपात गेले होते, तिथलं रोमचं मैदान त्यांच्या डोळ्यासमोर होतं असं सांगतात, 1912 ला आपलं मैदान उभं राहिलं. ज्या गावाला शंभर वर्षांपासून पूर्ण डाव बघायची सवय आहे त्या गावाला अर्धवट फायट दाखवू नये असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता एमएमए. हा शब्द काढला की आमच्या गल्लीत दोन गट पडतात. जुनी माणसं म्हणतात हे रक्त काढणं, ह्यात कला कुठाय. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, मी एक लढत दाखवतो. युएफसी म्हणून जी स्पर्धा आहे ती 1993 ला डेन्व्हरला सुरू झाली, आणि ही लढत त्यांच्या चौथ्या स्पर्धेतली, डिसेंबर 1994. एका बाजूला डॅन सेव्हर्न, कुस्तीवाला, आडदांड, आणि दुसऱ्या बाजूला रॉयस ग्रेसी, ब्राझीलचा, जुजुत्सूवाला, वजनानं कितीतरी कमी, पांढऱ्या सदऱ्यात कारकुनासारखा दिसणारा.

ही लढत मी आबांना मोबाईलवर लावून दिली. सेव्हर्ननं त्याला धरला, खाली पाडला आणि वर बसला. आबांनी लगेच मोबाईल माझ्याकडं सरकवला. म्हणाले, "झालं की. चितपट झाला. बंद कर." मी म्हटलं आबा थांबा, अजून संपलं नाही. "पाठ लागली माणसाची, आता काय राह्यलंय?" त्यांच्या हिशोबानं बरोबरच, आपल्यात पाठ मातीला लागली की कुस्ती संपली, अस्मान दिसलं, घरी जा. पण तिथं संपत नाही. पंधरा मिनिटं तो बारका माणूस पाठीवर पडून राहिला, वरच्याला काही करता येईना, आणि मग हळूच त्याचे पाय वर सरकले, एक पाय मानेवर, दुसऱ्याच्या गुडघ्याखाली अडकवला, पायाची कैची बसली, आणि वर बसलेल्या आडदांड पैलवानानं हात आपटून हार मान्य केली. आबा खुर्चीवरनं उठले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत लाव." पाच वेळा बघितली. पाचव्यांदा म्हणाले, "वरच्यानं हात आत ठेवला तिथं घात झाला, हात बाहेर ठेवायचा होता." तालमीतल्या माणसाला दाखवायला लागतं फक्त, समजावून सांगायला लागत नाही.

आणि त्यात आपलंच किती आहे ते बघा. ते डबल लेग म्हणतात ते आपलं दोन्ही पट काढणं. फायरमन्स कॅरी म्हणतात ती आपल्या कलाजंगची सख्खी बहीण. खांद्यावरनं फेकतात ते धोबीपछाड. जपानमधले व्यावसायिक पैलवान बैठका मारतात शेकड्यांनी आणि त्याला जगभर हिंदू स्क्वॉट म्हणतात, म्हणजे नावातच पत्ता लिहिलाय. आपल्या पूजा तोमरनं जून 2024 मध्ये युएफसीत लढत जिंकली, भारताची पहिली विजयी खेळाडू. त्याच्या आधी 2017 ला भारत खंदारे त्या पिंजऱ्यात उतरलेला पहिला भारतीय, हरला पण उतरला. माझ्या ओळखीच्या किती कुस्तीवाल्यांना ही नावं माहीत नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कॉमिक्स वाचून मुलं मारामारी शिकतात का. याचं उत्तर मी जपानचं देतो, कारण तिथं कॉमिक्स आणि कुस्ती यांचं लग्नच लागलंय. टायगर मास्क नावाची चित्रकथा तिकडं 1968 ला सुरू झाली, वाघाचा मुखवटा घालणारा पैलवान, स्वतः अनाथ, आणि कुस्तीत मिळालेला पैसा अनाथ मुलांना देणारा. ती इतकी गाजली की 1981 मध्ये सातोरू सायामा नावाचा खरा पैलवान तोच मुखवटा घालून रिंगणात उतरला. कागदावरचा माणूस आखाड्यात आला! आणि त्याच सायामानं पुढं शूटो नावाचा खेळ सुरू केला, जो आजच्या एमएमएच्या मूळ धाग्यांपैकी एक मानतात, तो पण युएफसीच्या कितीतरी आधी. पण मला सांगायचंय ते पुढचं. 2010 च्या नाताळात जपानमध्ये एका बालकल्याण केंद्राच्या दारात कुणीतरी दहा नवी दप्तरं ठेवून गेलं, सोबत चिठ्ठी, आणि पाठवणाऱ्याचं नाव काय तर त्या चित्रकथेतल्या नायकाचं, नाओतो दाते. मग देशभर लोकांनी त्याच नावानं मुलांना वस्तू पाठवायला सुरुवात केली. लहानपणी ती मारामारीची चित्रं बघितलेली पोरं मोठी होऊन हे करत होती. मी हे बायकोला वाचून दाखवलं तेव्हा माझा आवाज गेला.

म्हणून साहेब माझी मागणी. तुमच्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोडं असतं, राशिभविष्य असतं, रेसिपी असते, सगळं चांगलं आहे. त्यात अर्धं पान चित्रकथेला द्या. परदेशातली आणलेली नको, विकत घेतलेली नको. आपल्या तालमींची, आपल्या पैलवानांची, कोल्हापुरात बसून काढलेली, क्रमशः. परवा एक जपानी ॲनिमेचा सिनेमा हिंदीत, तमिळमध्ये, तेलुगूत डब होऊन आला, पोरांनी थेटरं भरली, मराठीत नाही. मुलांना गोष्ट हवीच आहे, आपण देत नाही म्हणून ती दुसऱ्याच्या भाषेत बघतात.

कथा कुठली घ्यायची हे विचारायची वेळच येणार नाही. खाशाबा जाधव घ्या. कराडजवळचं गोळेश्वर, शिक्षण आपल्या राजाराम कॉलेजात, 1948 ला लंडन ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं, सहावे आले, मॅटची सवय नव्हती. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. हा एक चौकोन डोळ्यासमोर आणा साहेब. टेबलावर कागद, कागदावर सही करणारा हात, आणि मागं दारात उभं राहून बघणारी घरातली माणसं. एक शब्द लिहायची गरज नाही. मग हेलसिंकी, बँटमवेट, जपानच्या इशीईशी झालेली लांबलचक कुस्ती, आणि ती हरल्यावर अंगातला घाम वाळायच्या आत सोव्हिएत पैलवानाशी पुढची कुस्ती, विश्रांती द्या म्हणून भांडायला आपला एक अधिकारी जवळ नाही. माणूस थकलाय हे चित्रात कसं दाखवायचं? पोरगी म्हणाली, पप्पा त्याचा चेहरा नको, हात दाखवू, मांडीवर टेकलेले. तरी ब्राँझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मग गावाकडं दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक, ते तर दोन पानी चित्र आहे, पूर्ण रुंदीचं, शिंगं रंगवलेले बैल आणि मधे हा एवढासा माणूस. आणि शेवट? परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या आणि त्या पैशातनं प्राचार्यांचं गहाण घर सोडवलं. जगातल्या कुठल्या सुपरहिरोच्या कथेला असा शेवट आहे ते मला कुणीतरी दाखवावं.

अर्जुन पुरस्कार त्यांना 2000 साली मिळाला, जाऊन सोळा वर्षं झाली होती. हे पण एका चौकोनात आलं पाहिजे.

ही एक संपली की पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आहेत, गणपतराव आंदळकर आहेत, मारुती माने आहेत. बाबूराव पेंटर आणि तो कॅमेरा आहे. वर्षभर पुरेल एवढं सामान गावात पडलंय. काढणाऱ्या हातांची कमी नाही, कलानिकेतन आहे, दळवीज आहे, दरवर्षी पोरं शिकून बाहेर पडतात आणि मग पुण्या-मुंबईला जाहिरातीच्या कामाला लागतात, त्यांना अर्धं पान आणि थोडं मानधन दिलंत तर ती इथं बसून काढतील. फक्त एक अट घाला, डाव तपासायला तालमीतला एक वस्ताद बसवा, कारण चुकीचा पाय काढलेलं चित्र छापलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या ऑफिसच्या दारात निम्मी शिवाजी पेठ उभी असेल, आणि ते बरोबरच असेल.

शाळेत मी जाऊन आलो. त्या बाईंना वही परत दाखवली, आबांची आणि पायाची गोष्ट सांगितली, त्यांनी ऐकून घेतलं. शेरा खोडला नाही, पण त्याच्या खाली निळ्या पेनानं तारीख टाकून 'चित्र पाहिले' असं लिहिलं. मला तेवढं पुरे आहे.

खाशाबांच्या कथेची पहिली आठ पानं पोरीनं पेन्सिलीत काढून ठेवलीत, डाव आबांनी तपासलेत, शाई मारायची राहिलीय. ती छापाच असं माझं म्हणणं नाही, लहान आहे अजून, चांगल्या चित्रकाराकडूनच काढून घ्या. पण नमुना म्हणून बघायची असतील तर मी रविवारी सुट्टीला वही घेऊन तुमच्या ऑफिसात येऊ शकतो, किती वाजता यायचं तेवढं कळवा.

आपला नियमित वाचक,
एक टर्नर, मंगळवार पेठ, कोल्हापूर